देणगीदारांस दाखविलेले काम : मराठी मुलुखाच्या इतिहासातील काही पाने

अफजलपूर तालुका भीमेच्या काठी वसलेला आहे. आज तो कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात मोडतो. १९४८ पर्यंत तो निजामाच्या राज्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. वायव्येस अक्कलकोट व सोलापूर जवळ असल्यामुळे येथील बाजारात कानडी, मराठी आणि दखनी उर्दू या तिन्ही भाषा कानी पडतात. याच तालुक्यात भीमा-अमरजा संगमावर गाणगापूर हे दत्तक्षेत्र आहे. तेथील एक रीत आमच्या विषयास लागू पडते, म्हणून येथे नमूद करतो. गाणगापुरास आलेला यात्रेकरू, मग तो सावकार असो वा शेतमजूर, झोळी घेऊन पाच घरी माधुकरी मागतो. आणि तोच यात्रेकरू इतर मागणाऱ्यांच्या झोळीत अन्न घालतो. दुपारच्या त्या गर्दीत दाता कोण व याचक कोण हे सांगता येत नाही. श्रद्धेचा प्रश्न येथे बाजूस ठेवू. परंतु ज्या दानात दाता आणि याचक यांचे चेहरे वेगळे काढता येत नाहीत, त्या दानाचे छायाचित्र काढून कोणास पाठविता येणार नाही, एवढे मात्र खरे.

आमच्या मंडळ्यांचा इतिहास दुसऱ्या प्रकारच्या दानाशी निगडित आहे. देणारे बॉस्टनमध्ये किंवा न्यूयॉर्कमध्ये, घेणारे सोलापूर-अहमदनगराच्या खेड्यांत, आणि मधे सात समुद्र. देणाऱ्यास घेणारा कधी दिसत नसे. तेव्हा कोणीतरी तो त्यास दाखविणे प्राप्त होते. हे दाखविण्याचे काम कसे झाले, कोणी केले आणि त्यात दाखविल्या गेलेल्या माणसाचे काय झाले, हा प्रश्न आमच्या इतिहासलेखनात फारसा विचारला गेलेला नाही. आज धर्मादाय प्रतिष्ठाने आणि कंपन्या आपण पोसलेल्या कामांचे फलक, चित्रफिती व अहवाल प्रसिद्ध करीत असताना तो विचारणे अप्रस्तुत ठरू नये.

या कथेचा आरंभ आम्ही एका मुलीच्या निबंधापासून करतो. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली अहमदनगर येथे ‘ज्ञानोदय’ सुरू केले. १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चात त्या पत्राच्या दोन अंकांत मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. ती जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेची विद्यार्थिनी. वय अवघे चौदाच्या आसपास. फुले यांच्या शाळांस वर्गणीदार होते, त्यांत युरोपियन होते, सरकारची दक्षिणा फंडातून मदतही होती. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे या शाळांच्या जाहीर परीक्षा होत. पुण्यातील लोक आणि मेजर कँडींसारखे शिक्षणखात्याचे अधिकारी समोर बसत, मुली पाटीवर गणिते सोडवीत, वाचून दाखवीत. आणि आपला पैसा कोठे गेला ते वर्गणीदारांस डोळ्यांनी दिसे. १८५२ साली कँडींच्या हस्ते फुल्यांचा जाहीर सत्कार झाला तो याच कामाबद्दल. म्हणजे दात्यांपुढे काम मांडण्याची रीत मराठी मुलुखात मिशनच्या छायाचित्रांपूर्वीपासून होती. परंतु मुक्ताच्या निबंधात काय आहे? त्यात उपकारकर्त्यांच्या नावाने ओवाळणी नाही. तिने आपल्या जातीवर झालेल्या जुलुमाचा पाढा वाचला, आणि वेद जर आमचे नाहीत तर आमचा धर्म कोणता, असा प्रश्न घातला. ज्या शाळेस लोक पैसे देत होते, त्या शाळेच्या कामाचा यापेक्षा खरा पुरावा कोणता असणार? मुलगी लिहू लागली होती. आणि जे लिहिले ते तिचे स्वतःचे होते.

पंचेचाळीस वर्षांनी, १९०० साली, चित्र अगदी पालटलेले दिसते. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. एक, १८७६-७८ च्या महादुष्काळापासून दख्खनवर दुष्काळांची रांगच लागली. १८९६-९७ चा आणि त्यामागोमाग १८९९-१९०० चा, ज्यास आमचे वाडवडील छप्पन्नचा दुष्काळ म्हणत. दुसरी गोष्ट छापखान्यातील. १८८० नंतर छायाचित्र ठिपक्यांच्या ठशाने थेट कागदावर छापण्याची युक्ती प्रचारात आली, आणि शतक सरता सरता ती स्वस्त झाली. तोपर्यंत मासिकांत लाकडी कोरीव ठशांची चित्रे येत. त्यांत चित्रकाराचा हात दिसे. आता हाडांचा सापळा झालेले पोर जसेच्या तसे वाचकाच्या टेबलावर येऊ लागले. या दोन गोष्टी एकाच दशकात एकत्र आल्या नसत्या, तर आमच्या अनेक मंडळ्यांचा इतिहास निराळा झाला असता असे आम्हांस वाटते.

न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाने या साधनाचा जेवढा उपयोग केला तेवढा दुसऱ्या कोणी केला नसेल. त्याचे मालक लुई क्लॉप्श हे मोठे कल्पक गृहस्थ. वाचकांनी दिलेल्या पैशांतून घेतलेला सुमारे पाच हजार टन मका ‘क्विटो’ नावाच्या आगबोटीतून मे १९०० मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईस रवाना झाला. जहाजाचे भाडे अमेरिकन सरकारने भरले. (ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या मुलुखात मका आला, पण उपाशी माणूस धान्याची जात विचारीत नाही.) वाटपाच्या समितीचे अध्यक्षपद अहमदनगरचे रेव्हरंड रॉबर्ट ह्यूम यांच्याकडे होते. ह्यूम मुंबईतच जन्मलेले, मराठी उत्तम जाणणारे. या कामाबद्दल त्यांस सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले. दुष्काळ ओसरल्यावर पोरकी मुले उरली. क्लॉप्श यांनी वाचकांस सुचविले की, वर्षाला पंधरा डॉलर पाठविल्यास एका अनाथ मुलाचे पालनपोषण होईल. अशी हजारो मुले मिशनांच्या अनाथगृहांत वाटली गेली, आणि देणाऱ्याच्या मनात ‘माझे मूल’ ही कल्पना रुजली.

त्या पंधरा डॉलरांनी जीव वाचले. हे वाक्य आम्ही मुद्दाम ठळकपणे लिहितो, कारण पुढील टीकेत ते हरवू नये. सोलापूर आणि अहमदनगर या दोन्ही जिल्ह्यांत आज ज्यांची नातवंडे-पतवंडे पाळक, शिक्षक, परिचारिका आहेत, अशी कितीतरी कुटुंबे त्या अनाथगृहांतून निघाली. तथापि पैसा ज्या दाराने आत येतो त्या दाराच्या आकारास काम जुळवून घ्यावे लागते, हेही तेव्हाच दिसू लागले. एकट्या मुलासाठी पैसा मिळे. कर्जात बुडालेल्या कुटुंबाचे गहाण पडलेले शेत सोडविण्यास तो तितका सहज मिळत नसे, कारण शेताचे छायाचित्र पाहून कोणाचे डोळे भरून येत नाहीत. अनाथगृहे वाढली, विहिरी आणि पतपेढ्या मागे राहिल्या. अहमदनगरास सर दिनशा पेटिट यांच्या नावाची औद्योगिक शाळा निघाली आणि तेथे सुतारकाम, विणकाम शिकविले जाऊ लागले, हा सन्मान्य अपवाद. तिला एका पारशी गृहस्थाची देणगी लाभली, हे विसरू नये. जवळच्या दात्यास कारखाना दाखविता येत होता. दूरच्यास चेहराच दाखवावा लागे.

चेहरा दाखविण्यात एक मोहही असतो. लंडनमध्ये डॉक्टर बर्नार्डो यांनी रस्त्यावरच्या मुलांसाठी आश्रम काढले. ते मुलांची ‘आधीची’ आणि ‘नंतरची’ छायाचित्रे शेजारी-शेजारी छापून विकीत. १८७७ साली या प्रकरणी लवाद बसला. काही मुलांस मुद्दाम अधिक फाटके कपडे चढवून ‘आधीची’ चित्रे काढली होती, असे त्यात निष्पन्न झाले. लवादाने त्यांच्या आश्रमांच्या कामास एकंदरीत योग्य ठरविले. या चित्रांस मात्र दोष दिला. बर्नार्डो लबाड होते असे आम्ही म्हणत नाही. मुलाचे दुःख खरे होते; परंतु ते दात्यास पुरेसे दिसत नव्हते, म्हणून त्यास थोडी मदत करण्यात आली. हा निसरडा उतार प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानापासूनच सुरू होतो.

आता या सर्व कथेतील सर्वांत गुंतागुंतीचे पान उलगडावयाचे ते पंडिता रमाबाईंचे. आमच्या वाचकांस त्यांचे चरित्र ठाऊक आहे. येथे फक्त एक धागा घेतो. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या, पुढील वर्षी त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील आपले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले, आणि १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टन येथे अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. गावोगावी ‘रमाबाई मंडळे’ निघाली, आणि दहा वर्षे मदत देण्याचा संकल्प झाला. अट अशी की, विधवांसाठी निघणारी शाळा धर्मप्रसाराची नसावी. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. १८९० च्या अखेरीस ते पुण्यास आले. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर अशी मंडळी सल्लागार होती.

१८८९ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या एका सचित्र ख्रिस्ती साप्ताहिकात शारदासदनाची हकीकत आली. तेथे राहणाऱ्या विधवांपैकी एक-दोघींस ख्रिस्ती धर्माविषयी प्रेम वाटू लागले आहे, अशा आशयाचा मजकूर तीत होता. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अमेरिकेतील ख्रिस्ती वाचक होता. त्यास आनंद व्हावा, हा हेतू. परंतु तो कागद आगबोटीने हिंदुस्थानात आला, आणि ‘केसरी’ने तो पुण्याच्या वाचकांपुढे ठेवला. त्यानंतर शारदासदनावरील संशय कधी पुरता मिटला नाही. १८९३ साली वाद शिगेस पोहोचला; सल्लागारांनी राजीनामे दिले, आणि बऱ्याच पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. रमाबाईंनी कोणावर सक्ती केली नव्हती; आपल्या खोलीतील प्रार्थनेचे दार त्यांनी बंद ठेवले नाही, एवढाच त्यांचा अपराध. वादाची मुळे याहून खोल होती हे आम्ही जाणतो, आणि एका साप्ताहिकाच्या माथी सर्व मारणे योग्य होणार नाही. परंतु बॉस्टनसाठी एक चित्र, न्यूयॉर्कसाठी दुसरे आणि पुण्यासाठी तिसरे, अशी तीन चित्रे एकाच घराची काढली जात होती. आणि ज्यांचे चित्र काढले जात होते, त्या विधवांच्या शिक्षणाचीच त्यात आहुती पडली. काढून नेलेल्या त्या मुलींचे पुढे काय झाले, हे कोणत्याही अहवालाने सांगितलेले नाही.

रमाबाईंनी यातून जो मार्ग काढला तो लक्षणीय आहे. दहा वर्षांची मुदत १८९८ साली संपली, आणि केडगाव येथे उभे राहिलेले मुक्तिसदन त्यांनी उघडपणे ख्रिस्ती ठेवले. दुष्काळात मध्य प्रांत आणि पुढे गुजरात येथून आणलेल्या मुली-स्त्रियांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. तेव्हा रमाबाईंनीही वृत्तपत्रिका काढली, छायाचित्रे छापली, विदेशात पाठविली. परंतु केडगावात छापखाना होता, आणि खिळे जुळविणाऱ्या त्या मुलीच होत्या. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात छापले गेले. जी मुलगी स्वतः छापते तिचे केवळ चित्र होत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’तही दुष्काळातील पोरकी मुले भेटतात. त्यांच्या आणि नारायण वामन टिळकांच्या घरी ती आली, राहिली, भांडली, आजारी पडली. मिशनच्या अहवालांत जी मुले आकड्यांच्या रकान्यात आहेत, त्यांच्यासारखीच मुले त्या पुस्तकात खोड्या करताना दिसतात. दोन्ही दस्तऐवज खरे आहेत. पण इतिहासकारास मूल शोधावयाचे असेल तर त्याने कोठे जावे, हे सांगणे नको.

हिंदू समाजातील संस्थांचा मार्ग याहून वेगळा होता असेही नव्हे. अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला; त्यांनी पै-पैचा हिशेब छापला, आणि १९२९ नंतर सत्तरी ओलांडलेल्या वयात आपल्या कामाची माहिती देत जग पालथे घातले. त्यांच्या महिला विद्यापीठास सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली पंधरा लाखांची देणगी दिली, आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्रींचे नाव लागले. नाव लावण्यात गैर काही नाही. हिशेब आणि नाव या दोन गोष्टी दात्यास द्यावयाच्या, तिसरी मागितल्यास विचार करावयाचा, असा कर्व्यांचा एकंदर दंडक दिसतो.

पंधरा डॉलरांच्या कल्पनेचा वंश पुढे वाढला. दुसऱ्या महायुद्धानंतर कोरियातील अनाथांसाठी अमेरिकेत ‘वर्ल्ड व्हिजन’ निघाले. जर्मनीतील ‘किंडरनोथिल्फे’ १९५९ साली हिंदुस्थानातील पाच मुलांपासून सुरू झाले. अशा योजनांतून आमच्या मंडळ्यांची वसतिगृहे चालली. या पत्रिकेच्या वाचकांपैकी कित्येकांनी नाताळाआधी बाकावर बसून न पाहिलेल्या काका-काकूंस आभाराचे पत्र लिहिले असेल. गुरुजींनी फळ्यावर मजकूर लिहावा आणि मुलांनी तो उतरवून घ्यावा, अशी ती रीत. पावसाने पीक गेले, बापाने स्थलांतर केले, हे त्या मजकुरात बसत नसे. प्रकृती चांगली आहे, अभ्यास चांगला चालला आहे. मुक्ता साळवेपासून आपण किती दूर आलो होतो, हे त्या फळ्यापुढे उभे राहिल्याशिवाय कळत नाही. पुढे अनेक संस्थांनी हा दोष ओळखून एका मुलाऐवजी सबंध गावास मदत करण्याचे धोरण धरले, हेही सांगितले पाहिजे.

अलीकडच्या काळात मराठी माणसेच दूरचे दाते झाली आहेत. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी १९७८ साली महाराष्ट्र फाउंडेशन स्थापन केले. १९९० नंतरच्या दशकात सुनील देशमुख यांच्या पुढाकाराने त्याचे साहित्य व समाजकार्य पुरस्कार सुरू झाले. येथे दाखविण्याची रीत बदललेली आहे. लाभार्थी पोराचे चित्र न फिरविता कार्यकर्त्यास व्यासपीठावर बोलावून त्यासच बोलू द्यावयाचे. व्यासपीठावरून तो देणाऱ्यांस न रुचणारेही बोलू शकतो. २०११ पासून ‘लोकसत्ता’ दैनिक गणेशोत्सवात दरवर्षी काही संस्थांची ओळख छापते, आणि वाचक त्यांस परस्पर धनादेश पाठवितात. येथे संस्था मराठी वाचकाच्या शेजारची असते. लिहिलेले खोटे असेल तर गावातला माणूस उठून बोलेल, हा धाक लेखकास असतो. १९०० सालच्या न्यूयॉर्कच्या वाचकास असा शेजारी नव्हता.

१ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करून त्याचा तपशील वार्षिक अहवालात द्यावा, असा कायदा झाला. त्यामुळे कामाचे प्रदर्शन हा आता खर्चाइतकाच आवश्यक भाग बनला आहे. उलट दिशेने दुसरा कायदा आहे, आणि वसतिगृहे चालविणाऱ्या आमच्या बांधवांनी तो जाणून घ्यावा. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाच्या ७४ व्या कलमाप्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाचे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. क्लॉप्श यांच्या साप्ताहिकातील पाने आज येथे छापता आली नसती.

धर्मोपदेशकास येथे डोंगरावरील प्रवचनाची अडचण भासणारच. एका अध्यायात प्रभू सांगतो की, तुमची सत्कर्मे लोकांस दिसोत. पुढल्याच अध्यायात, डाव्या हाताला कळू नये. आम्ही बहुधा देणगीच्या रविवारी पहिले वचन घेतो आणि दुसरे उपवासकाळासाठी राखून ठेवतो. पौलाने यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हाची त्याची वागणूक अधिक उपयोगी वाटते. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पैशाविषयी कोणी दोष ठेवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेला माणूस तो बरोबर घेतो. आणि मासेदोनियातील मंडळ्यांनी स्वतः गरिबीत असून कसे दिले, याचे भरभरून वर्णन करतो. यरुशलेमेतील गरिबांच्या हालांचे वर्णन त्या अध्यायात शोधून सापडत नाही. दाखविले आहे ते देणाऱ्यांचे दारिद्र्य.

एक शेवटची गोष्ट या सीमाभागाची. अमेरिकन मराठी मिशनच्या मातृसंस्थेचे जुने कागद आज हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. ज्या मेथॉडिस्ट मिशनने बिदर-गुलबर्गा भागांत काम केले, त्याच्या छायाचित्रांचे संग्रह न्यू जर्सीतील ड्रू विद्यापीठाच्या आवारात जतन केलेले आहेत, आणि त्यांतील बराच भाग आता घरबसल्या पाहता येतो. अशा छायाचित्रांखाली बहुधा ठाण्याचे नाव असते, मिशनरीचे असते. ओळीने बसलेल्या गावकऱ्यांचे क्वचितच. ती नावे फक्त येथील माणसांस सांगता येतील. अफजलपूर, आळंद, अक्कलकोट या पट्ट्यातील प्रचारकांनी ही चित्रे वृद्ध सभासदांपुढे ठेवावीत, आणि जी नावे निघतील ती मराठीत आणि कानडीत दोन्ही लिप्यांत लिहून घ्यावीत, असे आम्ही सुचवितो. ज्या मंडळ्यांत नव्वदी गाठलेल्या आज्या अजून उपासनेस येतात, तेथे हे काम या उन्हाळ्यातच हाती घ्यावयास हवे.